शनिवारवाल्यांची राजेश्वरी

आमच्या वस्तीवर आडनावाने कुणी कुणाला ओळखत नाही, कारण आडनाव सगळ्यांचं एकच. ओळखतात ते वारावरून. भीमाआबा सोमवारवाले, मी महिपती बुधवारवाला, आणि ओढ्याच्या अंगाला विजयसिंहाचं घर आहे ते रविवारवाले. लोणी भापकरच्या फाट्यावर एखाद्या नवख्याने "दिग्विजयचं घर कुठं?" म्हणून विचारलं, तर चहावाला उलट विचारतो, "शनिवारवाला का?" त्या दिग्विजयची बायको राजेश्वरी. तिच्याबद्दल मला सांगायचं आहे, पण आधी विहिरीबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय ती कळणार नाही.

विहीर माझ्या आजोबांनी खोदली. त्यांना सात मुलगे. वाटण्या झाल्या तेव्हा जमिनीचे सात तुकडे झाले, पण विहिरीचे तुकडे कसे करणार? मग म्हाताऱ्याने सात चिठ्ठ्या टाकल्या. सात भाऊ, सात वार. ज्याला जो वार आला, त्या दिवशी विहिरीचं पाणी त्याचं. ह्याच्याइतकी सोपी आणि न्यायाची वाटणी साऱ्या बारामती तालुक्यात नसेल, असं आम्ही छाती फुगवून सांगायचो. सोयरीक जुळवतानाही विचारायचे, मुलगी कुठल्या वारात द्यायची? आता त्या सात भावांपैकी फक्त भीमाआबा उरलेत, सगळ्यांत धाकटे. बाकी आम्ही पुतणे आणि पुतण्यांची पोरं.

तेव्हा विहिरीवर इंजिन होतं. इंजिनाला सोमवार काय आणि शनिवार काय, रॉकेल ओतलं की चालू. पुढे विजेची मोटर आली आणि मागाहून विजेचं वेळापत्रक आलं. आमच्या फीडरला सोमवार ते गुरुवार लाईट दिवसा आणि शुक्रवार, शनिवार, रविवार रात्री. झालं! कुणीही काहीही वाईट केलं नाही आणि तरी तीन घरांच्या कपाळी कायमची रात्र लागली. शुक्रवारवाले पुण्याला राहतात, त्यांचं रान वाटेकरी बघतो. रविवारवाल्या विजयसिंहाच्या घरात तीन दांडगे बाप्ये आहेत. राहता राहिले शनिवारवाले.

राजेश्वरी इंदापूरची. वडिलांचं हायवेला पंक्चरचं दुकान. बोलायला फटकळ, हिशेबाला पक्की, आणि एखादी गोष्ट पटली नाही की मान खाली घालून ऐकून घेणं तिला जमत नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी आमच्या चुलत्या-काकूंनी तिला नावं ठेवली. दुसऱ्या वर्षी तिची वांगी मार्केट यार्डात हातोहात जायला लागली, तशी नावं ठेवणाऱ्याच तिच्याकडे रोपं मागायला गेल्या. आमच्यात असंच असतं.

मागल्या पावसाळ्यानंतर एका शनिवारी दिग्विजय दारं धरायला गेला होता. दारं धरायची म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून तोडून दुसऱ्यात सोडायचं. ते उभं राहूनच करावं लागतं, अंधारात असलं तरी. त्याला घोणस चावली. राजेश्वरीने त्याला विजयसिंहाच्या जीपमध्ये घालून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण डाव्या पायात जोर राहिला नाही. पुढे त्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत गेटवर बसायचं काम मिळालं आणि शनिवारचं पाणी राजेश्वरीच्या गळ्यात पडलं. ती एकटी जायची. पोरगी छकुली सहावीत. तिला घरी नवऱ्याजवळ ठेवून जायची.

दिग्विजय माणूस गरीब, पण ह्या बाबतीत हट्टाला पेटला. "तुलाबी चावल्यावर मी काय करू?" म्हणायचा. त्याने ठरवलं की पाडव्याला रान वाट्याने द्यायचं आणि बारामतीत खोली करून राहायचं. आमच्याकडे असले करार पाडव्यालाच होतात. वाटेकरीही बघून ठेवला. राजेश्वरीचा जीव त्या रानात होता. ती खोलीत राहून भांडी घासत बसणारी बाई नव्हती. पण नवऱ्याच्या भीतीला काय उत्तर देणार? त्याचा पाय तिच्या डोळ्यांसमोर होता. तिला एकच गोष्ट हवी होती, दिवसाचं पाणी.

ती आधी सोलर पंपाच्या मागे लागली. सामायिक विहीर, सातबाऱ्यावर नावांची ही जत्रा. अर्ज मागे आला. मग ती भीमाआबांकडे गेली. आबा ओसरीवर तंबाखू मळत बसले होते.

"आबा, मला दिवसाचा वार बदलून मिळंल का कुनाचा?"

"वार काय लुगडं हाय व्हय गं, बदलून घ्यायला?" आबा म्हणाले. "माझ्या बापानं टाकलेल्या चिठ्ठ्या हायेत त्या. आन् मी तुला सोमवार दिला, तर मी शनिवारी रातच्याला रानात जाऊ?"

आबांचं ऐंशीच्या घरातलं वय. त्यांचंही काही चुकत नव्हतं. शिवाय सोमवार महादेवाचा, आबांचा जन्माचा उपास सोमवारी. लोक त्यांना सोमवारआबाच म्हणतात.

तरी आबांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी एक तोड काढली. दर घराने एकेक दिवसाऐवजी सलग दोन-दोन दिवस पाणी घ्यायचं. त्याने वार आपोआप बदलतील. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. आणि काय झालं? सोमवार-मंगळवार आबांचे, बुधवार-गुरुवार मंगळवारवाल्यांचे, आणि माझ्या वाट्याला शुक्रवार-शनिवार. दोन्ही रात्री! राजेश्वरीला गुरुवार-शुक्रवार आले, म्हणजे निदान एक दिवस उजेडाचा. मी म्हटलं, असू दे, पुढच्या फेरीला बदलेल. पुढच्या फेरीलाही मला शुक्रवार-शनिवारच. दोन रात्री बांधावर उभं राहून माझी कंबर धरली, आणि ज्या वाऱ्याला मी जन्मभर गार म्हणत आलो तो काय चीज आहे हे मला तिथे कळलं. शिवाय दोन आठवड्यांनी एकदा पाणी म्हटल्यावर सगळ्यांच्या मेथीने माना टाकल्या. दोन फेऱ्यांत ती तोड मोडीत निघाली आणि राजेश्वरी परत शनिवारच्या रात्री रानात जायला लागली. पण त्या दिवसापासून मी तिच्या बाजूचा झालो. स्वतःच्या कंबरेवर बेतल्याशिवाय माणसाला दुसऱ्याचं दुखणं कळत नाही हेच खरं.

फाल्गुन लागला. राजेश्वरीने आवराआवरी सुरू केली. कोंबड्या बारामतीच्या खोलीत कुठे ठेवणार, म्हणून त्या घेऊन ती भागूआत्याकडे गेली.

भागूआत्या म्हणजे भीमाआबांची थोरली बहीण, माझी आत्या. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. आजोबांनी तिला ओढ्याकाठचा एक लहान तुकडा चोळीबांगडीसाठी लावून दिला. लेकीला चोळीबांगडीची जमीन देणं ही आमच्याकडची जुनी रीत. त्या तुकड्यात पावसावर जेवढं येईल तेवढंच यायचं. उन्हाळ्यात आत्या कळशीने पाणी नेऊन चार वाफे कोथिंबीर जगवायची, आणि आता कळशीही उचलेना झाली होती.

राजेश्वरीने कोंबड्या सोडल्या आणि सहज विचारलं, "आज्जी, तुमच्या ह्या रानाला इहिरीचं पानी का न्हाय वो?"

आत्या हसली म्हणे. "मागितलं हुतं की बापाला. तो म्हनला, भागे, आठवडा सातच दिसांचा. तुला आठवा वार कुठनं आनू?"

राजेश्वरी ते ऐकून तशीच उठली आणि कोंबड्यांचं रिकामं खुराडं हातात घेऊन थेट माझ्या दारात आली. मी जेवत होतो.

"तात्या, आपन वार का वाटतोय? पाळ्या वाटू की!" ती म्हणाली. "वार सातच ऱ्हाऊ द्या. पाळ्या आठ करायच्या. आठवी आज्जीची. मग बघा काय हुतं."

मला काही कळलं नाही. तिने माझ्या ताटाशेजारी बोटाने सात रेघा ओढल्या. आज शनिवारी तिची पाळी असेल, तर आठ दिवसांनी पुढची कधी? रविवारी. त्यापुढची सोमवारी, त्यापुढची मंगळवारी. दर फेरीला एक वार पुढे. सात पाळ्या असल्या की गाडी फिरून त्याच वारावर यायची, आणि आबांची तोड फसली तीही ह्याचमुळे. सात घरांचे दोन-दोन दिवस म्हणजे चौदा, आणि चौदा ही सातचीच पट.

मी संशयी माणूस. मी म्हटलं, "असं तर न्हाय व्हनार, की आठमुळं तीनच वार फिरून फिरून येत्याल आन् बाकीचे कधीच न्हाईत?"

ह्यावर तिने माझ्याकडे जरा कौतुकाने पाहिलं, आणि मला बरं वाटलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून ती म्हणाली, "त्यावर हुतं तसं. बारापासनं आठ-आठ घरं मोजा." मी मोजली. बारावरून आठ, आठवरून चार, चारवरून परत बारा. तीनच घरं! बाकीच्या नऊ आकड्यांना त्या उडीचा स्पर्शच नाही. "आता पाच-पाच मोजा." पाच, दहा, तीन, आठ, एक... बारा परत यायच्या आत सगळी घरं फिरून झाली. भाजी निवली, पण मी मोजत राहिलो.

छकुली आईच्या मागोमाग आली होती, तिने शाळेतलं सांगून टाकलं. बाराला दोन, तीन, चार, सहा अशा कितीतरी जणांनी भाग जातो. आठलाही चारने जातो. दोघांत चार सामाईक, म्हणून गाडी अडकते. पण सातला दोनने भाग जात नाही, तीनने नाही, चार-पाच-सहा कुणाचीच डाळ तिथे शिजत नाही. एक आणि खुद्द सात, एवढेच त्याचे विभाजक. असल्या आकड्याला मूळ संख्या म्हणतात. आठवड्याला सात दिवस आहेत, म्हणून पाळ्या पाच करा, सहा करा, आठ-नऊ-दहा करा, प्रत्येकाला सगळे वार मिळणारच. फक्त सातच्या पटीला हात लावायचा नाही.

"आन् चौदा वाटेकरी झाले म्हंजे?" मी विचारलं.

"तवा एकाला पुण्याला धाडायचं," राजेश्वरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या लिंबाखाली सगळी भावकी बसली. राजेश्वरीने मातीत सात खडे गोल मांडले, प्रत्येक खडा एक वार, आणि काडीने उड्या मारून दाखवल्या. आम्ही पोरांसारखे वाकून बघत होतो. विजयसिंह म्हणाला नऊ करून दाखव, तिने नऊ करून दाखवले. मंगळवारवाल्यांना दहा हवे होते, त्यांना दहा. प्रत्येक वेळी काडी सातही खड्यांवर जाऊन आली. आठ पाळ्यांनी सात फेऱ्या झाल्या की छप्पन दिवस. तेवढ्यात प्रत्येक घराला चार दिवसाच्या पाळ्या आणि तीन रात्रीच्या, आणि मग गाडी मूळ वारावर. कुणालाही जास्त नाही, कुणालाही कमी नाही.

विजयसिंहाने पाण्याचा प्रश्न काढला. आठव्या दिवशी पाणी म्हणजे भाजी वाळेल. त्यावर मी तोंड उघडलं. भागूआत्याचा तुकडा केवढा? दुपारच्या आत भिजेल. मग मोटर बंद, आणि उरलेल्या वेळात विहिरीला पाणी चढेल. ते पुढच्यालाच मिळेल. विजयसिंहाने मान हलवली, आणि त्याच्या घरातलेही दिवसाच्या पाळीवर बोलायला लागले.

आबा तोवर नुसते खड्यांकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "आन् ही आक्काची आठवी पाळी पैल्यांदा कुठल्या वारी येती?"

राजेश्वरी चाचरली. तिला उत्तर माहीत होतं. "रविवारवाल्यांच्या फुडं, आबा. सोमवारी."

"म्हंजे माझ्या."

"व्हय. तुमाला मंगळवार येतो. छप्पन दिसांनी सोमवार परत तुमचाच."

आबांनी काठी उचलली आणि ते निघून गेले. हो नाही, ना नाही. आबांच्या होकाराशिवाय विहिरीचा नियम बदलायची आमच्यात कुणाची हिंमत नव्हती. माणसं पांगली. राजेश्वरी खडे तसेच टाकून घरी गेली, आणि दिग्विजयने त्याच संध्याकाळी वाटेकऱ्याला फोन करून पाडव्याचं पक्कं सांगितलं. मला आबांचा भयंकर राग आला. जन्मभर एका वाराला कवटाळून बसलेला माणूस, आणि त्याच्यापायी एक चांगली बाई रान सोडून चालली. रविवारी आबा समोरून आले, तर मी रस्ता बदलला.

सोमवारी सकाळी लाईट आली तेव्हा मी विहिरीकडेच होतो. आबा स्टार्टरच्या पेटीजवळ उभे होते. मी मनात म्हटलं, आले आपलं पाणी घ्यायला. मग पाहिलं तर त्यांच्या रानाकडे जाणाऱ्या पाटाचं तोंड मातीने बंद केलेलं. ओढ्याकडच्या बाजूला नवा पाट काढलेला, ओबडधोबड, म्हाताऱ्या हाताचा. आबांनी तो आदल्या दिवशी एकट्याने खोदला होता. मला हाक मारायची असेल त्यांना, पण मी रस्ता बदलला होता ना.

आबांनी मोटर सुरू केली. पाणी ओढ्याकडे निघालं. भागूआत्या बांधावर बसली होती. पाणी तुकड्याशी पोचलं तशी ती पाय पाटात सोडून बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. आबा जवळ जाऊन म्हणाले, "आक्के, बापाला मोजता आलं न्हाय गं. मलाबी न्हाय." मग माझ्याकडे वळून खेकसले, "बघत काय हुबा ऱ्हायलाय? दारं कोन धरनार, तुझा बाप?" मी धरली. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

तेव्हापासून आठ पाळ्या चालू आहेत. मला गुरुवार आला, आणि पुढच्या फेरीला शुक्रवारची रात्र. मी कुरकुर केली, पण मोजून तीनच रात्री, हे माहीत असल्यावर कुरकुरीतही दम राहत नाही. राजेश्वरीला आधी रविवारची रात्र आली. ती सोसायलाच हवी होती. त्या रात्री आम्ही दोन-तीन घरचे जण तिच्या बांधावर होतो, आणि तिच्या पुढच्या रात्रींनाही यायचं असं ठरलं. तिची खरी पाळी पुढच्या सोमवारी होती, पाडव्याच्या चार दिवस आधी.

त्या दिवशी दिग्विजयने कामावरून सुट्टी घेतली आणि पाय ओढत रानात आला. मीही गेलो, काही काम नसताना. दहाच्या सुमाराला पाणी पाटातून आलं. वांग्याच्या सरीत शिरलं, पुढे गेलं, ढेकळापाशी अडलं, बाजूने वळून निघालं. ऊन होतं, त्यामुळे पाण्याचं पुढचं टोक, त्यावर तरंगत जाणारा पाचोळा, कोरडी माती भिजत काळी होत जाते ती, सगळं दिसत होतं. राजेश्वरी हातात खोरं घेऊन उभी होती, आणि पहिला वाफा भरून वाहायला लागला तरी ती हलेना.

"अगं, पानी तोड की!" दिग्विजय ओरडला.

"तोडते," ती म्हणाली, पण जागची हलली नाही. "इतकी वर्सं ह्या रानात पानी फिरतंय, पन असं डोळं भरून कधी बघितलंच न्हवतं. कसं चालतंय बघा की."

दिग्विजयने तिच्या हातातून खोरं घेतलं आणि लंगडत जाऊन वाफा तोडला. मग दुसरा तोडला. मग खिशातून फोन काढून, पाण्यात उभ्या उभ्याच, त्याने वाटेकऱ्याला सांगितलं की रान द्यायचं नाही.